पाहुण्यांची ढेप

"टोपी मुंडाशाच्या आत घालायची का वरनं?" हिंदुरावांनी विचारलं.

प्रश्न रास्त होता. तन्मय सर सकाळीच जाळीच्या पांढऱ्या टोप्यांचं पाकीट घेऊन आमच्या गुऱ्हाळावर हजर झाले होते. स्वच्छतेच्या मानकांवर त्यांनी महाबळेश्वरला राहून प्रशिक्षण घेतलं होतं, पण मुंडाशाचं काय करायचं हे तिथं कुणी शिकवलेलं दिसत नव्हतं. त्यांनी क्षणभर विचार केला.

"वरून घाला काका. दिसली पाहिजे."

हिंदुराव आमचे गुळवे. काहिलीतला रस कधी उतरवायचा हे त्यांच्या शब्दावर ठरायचं. ते लाल मुंडाशावर पांढरी जाळी ओढून उकळत्या काहिलीपाशी उभे राहिले. काहिलीखालच्या चुलवाणात उसाची चिपाडं सारणारे दोघे त्यांच्याकडं बघून हसत होते. मग त्यांनाही टोप्या मिळाल्या आणि हसणं थांबलं.

पुण्याच्या कंपनीच्या मॅडम येणार होत्या. ही गोष्ट तशी जुनी. माझी मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती, आता ती पुण्यात नोकरी करते. पण त्या दिवसाचं सगळं मला आठवतं, अगदी मुंडाशावरच्या जाळीसकट.

तन्मय सर ज्या प्रकल्पाचे समन्वयक होते, त्याचं नाव एका दमात घेता येत नसे. शाश्वत कृषी मूल्यसाखळी विकास आणि ग्रामीण उपजीविका संवर्धन, असं काहीतरी ते होतं. त्याचा अर्थ त्यांनी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चित्र पाडून गावाला समजावला होता. एका टोकाला शेतकरी, दुसऱ्या टोकाला ग्राहक, मधे दलाल. दलालावर लाल फुली. पुढच्या चित्रात दलाल गायब, आणि त्याच्या जागी प्रकल्प, शेतकरी उत्पादक कंपनी, तपासणी, प्रमाणपत्र, पॅकिंग, ब्रँड आणि पुण्याची कंपनी. एका दलालाचं काम करायला एवढी माणसं लागतात हे कळल्यावर आमच्या गावाला दलालाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.

मी त्या उत्पादक कंपनीची सचिव होते. मी बी.कॉम. होते आणि मला मराठी टायपिंग येत होतं, एवढीच माझी पात्रता. पगार नव्हता. पगाराच्या जागी मला सक्षमीकरण मिळत होतं, आणि ते मिळाल्याच्या कागदावर दर महिन्याला मीच सही करत होते.

गुऱ्हाळ आमचं घरचं. सासऱ्यांना मी मामा म्हणते. आकाराम मगदूम म्हटलं की भोगावतीच्या काठावरच्या चार गावांत पहिल्यांदा गूळ आठवायचा, मग माणूस. गुळाला पिवळा रंग यावा म्हणून काहिलीत एक पावडर टाकायची पद्धत पडून गेली होती. बाजारात बोली पिवळ्या गुळालाच लागते. प्रकल्पाचं म्हणणं, पावडर बंद. भेंडीच्या पाण्यानं मळी काढायची आणि गूळ येईल त्या रंगाचा घ्यायचा. येईल तो रंग म्हणजे काळपट तपकिरी.

मामांना हे अजिबात पटलं नव्हतं. मग अचानक पटलं. त्यांचं असं आहे, पटत नाही तोवर साक्षात ब्रह्मदेव आला तरी ऐकणार नाहीत, आणि पटलं की ब्रह्मदेवालाच समजावून सांगायला जातील. शेजारच्या गुऱ्हाळांवर जाऊन ते भाषणं देऊ लागले. "लोकांच्या लेकराबाळांच्या पोटात घालायचं हाय हे," ते म्हणायचे. आमच्या ढेपा बघून मार्केट यार्डातले अडते विचारायचे, "मामा, रस्ता कराय आणलाय काय हे?" मामा ढेपा ट्रॉलीत परत भरायचे आणि मान वर ठेवून घरी यायचे. दोन सिझन असे गेले.

माझा नवरा संग्राम हे सगळं बघत होता. त्यानं एकदा जेवताना मामांना सरळ सांगितलं होतं.

"आबा, पुण्याचा करार झाला तर चालवू. न्हाई झाला तर हा सिझन शेवटचा. ऊस कारखान्याला घालू. आपली जागा रस्त्याकडंची हाय, हॉटेलवाला मागालाय."

"हुईल करार," मामा म्हणाले.

"आणि न्हाई झाला तर?"

"मग तू म्हनशील तसं."

मामा दिलेला शब्द फिरवत नसत. गुऱ्हाळ गेलं असतं तरी आमचं घर चाललं असतं. मामा चालले नसते.

मॅडमची गाडी आली. देवयानी मॅडम. कंपनीची सगळी खरेदी त्यांच्या हातात. खादीची साडी, कपाळाला मोठं कुंकू आणि पायात असे बूट, की त्यांतनं हिमालय चढून यावं. मामा कोल्हापुरी फेटा बांधून दारात उभे होते. टोपी घालायला त्यांनी साफ नकार दिला होता. "माझ्या दारात मी जाळी घालून उभा ऱ्हाऊ? मी काय आंबा हाय?" असं विचारल्यावर तन्मय सरांनी विषय वाढवला नाही.

आमच्या भागात गुऱ्हाळावर कुणी आलं की त्याला आधी रस, मग काकवी, मग वाफ्यात निवत घातलेला कोमट गूळ. मामलेदार असो नाहीतर वाट चुकलेला मेंढपाळ. कोण, कुठला, ते विचारायचं नाही, द्यायचं. मामांनी स्वतः तांब्या पुढं केला.

"नको काका, मी शुगर पूर्ण बंद केलीये," मॅडम म्हणाल्या.

"ही साखर न्हाई. रस हाय."

"तेच ते हो."

मामांनी माझ्याकडं बघितलं. गूळ खरेदी करायला आलेली बाई गोड खात नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. मी डोळ्यांनीच असू द्या म्हटलं.

मॅडमनी सगळं फिरून बघितलं. चरक बघितला, काहील बघितली, चुलवाणात वाकून बघितलं. "किती रॉ आहे हे सगळं!" त्या म्हणाल्या. तन्मय सरांनी ते लिहून घेतलं. चांगलं की वाईट ते त्यांनाही कळलं नसावं, पण लिहून घेतलं. मॅडमनी हिंदुरावांना विचारलं, "तुम्हाला हे काम करताना काय फील होतं?"

हिंदुराव जाळीखाली घामानं निथळत होते. "गरम हुतं," ते म्हणाले.

मग तपासणी. मॅडमच्या पेटीत काचेच्या नळ्या होत्या. गुळाचा खडा घ्यायचा, पातळ पाणी करायचं, त्यात निळ्या औषधाचा थेंब सोडायचा. निळा रंग तसाच राहिला तर गूळ साफ. रंग उडून गेला तर पावडर. त्यांनी कोठीतल्या ढेपा स्वतः निवडल्या, तळातली एक, मधली एक, दाराजवळची एक. प्रत्येक नळी निळी राहिली. मी श्वास सोडला. संग्राम दाराला टेकून उभा होता. तोसुद्धा जरा सरळ झाला.

"परफेक्ट," मॅडम म्हणाल्या. "खरं सांगू? मी इतक्या ठिकाणी फिरले, सगळे तोंडावर ऑरगॅनिक म्हणतात आणि मागं पावडरचं पोतं असतं. आमचा नियम कडक आहे. पावडर गुळात तर नाहीच, पण आवारातसुद्धा सापडता कामा नये. तुमचं मला मनापासून आवडलंय. पुढच्या आठवड्यात करार करून टाकू."

तन्मय सरांनी टाळ्या वाजवल्या. एकट्यानंच. मला मात्र खरंच रडू येईल असं वाटलं, म्हणून मी उगाच पदर सारखा केला. मामांनी ढेपांवरनं हात फिरवला. ते हसत होते. असे हसताना मी त्यांना माझ्या लग्नातच बघितलं होतं.

मॅडम पेटी आवरायला लागल्या, तेव्हा ते म्हणाले, "थांबा जरा. पाव्हन्यांचं ऱ्हायलंय."

ते आतल्या खोलीत गेले आणि दोन्ही हातांवर काहीतरी घेऊन आले. वर नवं कोरं पांढरं धोतर झाकलेलं. त्यावर खण, नारळ. हिंदुरावांनी डोक्यावरची जाळी काढून मुठीत धरली. ती का, ते मला धोतर बाजूला झाल्यावर कळलं.

खाली लहानशी ढेप होती. पिवळीधमक. अशी देखणी ढेप आमच्या गुऱ्हाळावर दोन वर्षांत निघाली नव्हती.

"अय्या, किती सुंदर!" मॅडम म्हणाल्या. "ही कुठली?"

"हितलीच की. आज पहाटंची पयली काहील तुमच्यासाठनं काढली."

मॅडमनी ढेपेचा कोपरा मोडला. खायला नव्हे, त्या खातच नव्हत्या. सवयीनं त्यांनी तो खडा नळीत टाकला, पाणी घातलं, हलवलं आणि गप्पा मारता मारता थेंब सोडला.

निळा रंग आला तसा गेला. पाणी पाण्यासारखं झालं.

मॅडमनी परत एक थेंब सोडला. तोही गेला. त्यांनी नळी पेटीत ठेवली आणि म्हणाल्या, "मी जरा ऑफिसला फोन करून येते." त्या गाडीकडं गेल्या.

त्या दाराबाहेर पडल्याबरोबर तन्मय सर मामांच्या अंगावर धावून जायचे तेवढे बाकी राहिले. "काका, काय केलंत हे? दोन वर्षं आपण काय शिकवलं तुम्हाला?"

"गूळ तुमी शिकवला व्हय मला?" मामा म्हणाले.

"पावडर घातलीत ना?"

"व्हय. पर त्याच काहिलीत. बाकीचा समदा माल निव्वळ हाय, बघितलासा की आत्ता."

"पण का घातलीत, मामा?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

मामांना माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. "अगं, पाव्हनी आली दारात. बाईमाणूस, एवढ्या लांबनं. तिच्या वटीत काळी ढेप घालू? हितनं काळी ढेप घेऊन पाव्हना गेलाय कवा? इकायचं निराळं आन् द्यायचं निराळं. इकायला त्यांचा नियम, द्यायला माझा."

"म्या सांगिटलं हुतं मालकास्नी," हिंदुराव हळूच म्हणाले. "आयकत्यात व्हय? पावडर बी शेजारनं मागून आनली, मूठभर."

संग्राम हसला. ते हसणं मला आवडलं नाही. "झालं," तो म्हणाला. "हॉटेलवाल्याला फोन लावू का?"

"थांबा, थांबा," तन्मय सर म्हणाले. त्यांचं डोकं आता चालायला लागलं होतं. प्रकल्पाचा शेवटचा महिना होता आणि त्यांना एक तरी करार दाखवायचा होता. "मार्ग आहे. आपण सांगायचं, ही ढेप शेजारच्या गुऱ्हाळातली आहे. मुद्दाम आणली, तुलनात्मक नमुना म्हणून. पावडरचा गूळ आणि आपला गूळ यांतला फरक मॅडमना दिसावा म्हणून. काकांनी 'हितलीच' म्हटलं ते 'इथल्याच भागातली' या अर्थानं. उलट इम्प्रेशन पडेल!"

मी मनात त्यांना हात जोडले. मूल्यसाखळीचं मला तोवर कळलं नव्हतं ते एका वाक्यात कळलं.

"ते बी नको आसंल तर माझं नाव सांगा," हिंदुराव म्हणाले. "गुळव्यानं चुकून टाकली म्हना. मला काढून टाकलं म्हना. मी जातो हितनं मागल्या दारानं."

"एक्सलंट!" तन्मय सर म्हणाले. "तेही चालेल."

खोटं कशाला बोलू, मलाही क्षणभर वाटलं, चालेल. हिंदुरावांना संध्याकाळी परत बोलावता आलं असतं. करार परत आला नसता. मी मामांकडं बघत होते, ते हो म्हणतील म्हणून.

मामांनी फेटा सारखा केला. "हिंदुराव, तुमी काहिलीकडं बगा, रस करपंल," ते म्हणाले आणि बाहेर गेले.

आम्ही मागोमाग गेलो. मॅडमचा फोन संपला होता.

"बाई," मामा म्हणाले, "पावडर म्या घातली. माझ्या हातानं. तुमच्या मानासाठनं. इकायच्या मालात कनभर न्हाई. आता काय ते तुमी ठरवा."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी खरं पाणी. मला वाटलं, वाचलो.

"काका," त्या म्हणाल्या, "इतकं खरं बोलणारं माणूस मी कित्येक वर्षांत बघितलं नाही. आय ॲम टच्ड."

"मग झाला का करार?" मामांनी विचारलं.

"नाही हो काका. पावडर आवारात निघाली ना. तो नियम मी नाही बदलू शकत." त्यांनी मामांचा हात हातात घेतला. "पण तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून हा देश टिकून आहे. एक फोटो घेऊ तुमचा? असा चेहरा हल्ली मिळत नाही."

मामा उभे राहिले. पाहुण्यानं मागितलं होतं. मॅडमनी त्यांना काहिलीच्या वाफेपुढं उभं केलं, जरा डावीकडं वळा म्हणाल्या, हसू नका म्हणाल्या. ते त्यांना सांगायची गरज नव्हती. मग खण-नारळ घेऊन त्या गेल्या. ढेप राहिली. ती तन्मय सर घेऊन गेले. पुरावा म्हणून नव्हे, घरी चहाला. पिवळ्या गुळाचा चहा दिसायला बरा दिसतो म्हणाले.

पुढचं सांगण्यासारखं फारसं नाही. मामांनी संग्रामला दिलेला शब्द पाळला. सिझन संपल्यावर काहील भंगारात गेली, चुलवाण बुजवलं आणि तिथं हॉटेल उभं राहिलं. हिंदुराव सीमेपलीकडं कर्नाटकात दुसऱ्यांच्या गुऱ्हाळांवर जाऊ लागले, मग गुडघे गेल्यावर घरी बसले. प्रकल्प यशस्वी झाला. तसा समारंभ कोल्हापुरात झाला, मला शाल मिळाली आणि तन्मय सर वरच्या पदावर दिल्लीला गेले. उत्पादक कंपनी कागदावर अजून आहे. मी अजून सचिव आहे.

गेल्या वर्षी मुलीकडं पुण्याला गेले होते. ती मला एका मोठ्या दुकानात घेऊन गेली. तिथं भाजीलासुद्धा एसी लावतात. किराणा मालाच्या फळीसमोर मी थांबले आणि मला पुढं सरकता येईना. फळीवर एका ओळीत गुळाची पाकिटं होती आणि प्रत्येक पाकिटावर मामा होते. फेटा बांधलेले, मागं वाफ, जरा डावीकडं वळलेले, न हसणारे. गूळ काळा होता. खाली बारीक अक्षरात तो जिथं तयार झाला त्या गावाचं नाव होतं. ते गाव मी ऐकलेलं नव्हतं, आणि राज्यही आपलं नव्हतं.

"आई, हे आजोबा ना?" मुलगी म्हणाली.

मी एक पाकीट विकत घेतलं. सासऱ्यांचा फोटो पैसे देऊन घरी आणणारी मी आमच्या खानदानातली पहिलीच असेन.

घरी आल्यावर आधी संग्रामला दाखवलं. तो भडकलाच. एवढं भडकलेलं मी त्याला गुऱ्हाळ मोडतानाही बघितलं नव्हतं. "वकिलाकडं जातो. नोटीस धाडतो. कुणाला इचारून छापला यांनी? आमच्या बापाचं तोंड काय रस्त्यावर पडलंय?"

आवाज ऐकून मामांनी बाहेरच्या सोप्यातनं हाक मारली. आता त्यांना धूसर दिसतं. दिवसभर ते तिथंच खाटेवर बसून असतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला आवाजावरनं ओळखतात. मी पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दाबून बघितलं, नाकाशी नेलं. मग चित्रावरनं बोट फिरवलं.

"ह्यो कोन?"

"तुम्हीच आहात, मामा."

"आन् काय लिवलंय?"

मी वाचलं, "'आकारामकाकांच्या गुऱ्हाळातून, थेट तुमच्या घरी.'"

"बघितलं का!" संग्राम ओरडला. "नाव पण! नाव पण टाकलंय हरामखोरांनी! सोडत न्हाई मी यांना..."

मामांनी त्याला हातानं गप्प केलं. "परत वाच गं."

मी परत वाचलं. सावकाश वाचलं. मामा पाकीट मांडीवर धरून ऐकत होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता. मी राग शोधत होते, मला तो हवा होता.

"म्हंजी चालू हाय म्हन की," मामा म्हणाले.

संग्राम आत निघून गेला.

"हो मामा," मी म्हटलं. "चालू आहे."